कवटी पुरुषाची, श्रोणी स्त्रीची: एका अनोळखी सांगाड्याच्या लिंगनिश्चितीचे प्रकरण

पार्श्वभूमी

एका बांधकामाचा पाया खणत असताना मातीबरोबर मानवी हाडे वर आली आणि काम थांबवण्यात आले. सांगाडा फारसा खोल नव्हता. कवटी, खालचा जबडा, बहुतेक मणके व बरगड्या, उजव्या दंडाचे व उजव्या मांडीचे हाड आणि दोन्ही हातांची मनगटापर्यंतची हाडे जागेवरून व्यवस्थित उचलता आली. मात्र खोदयंत्राचा पहिला घाव नेमका कमरेच्या भागावर बसला होता. त्यामुळे त्रिकास्थीचा, म्हणजे कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडाचा, वरचा तुकडा आणि उजव्या खुब्याच्या हाडाचा मागचा भाग एवढेच हाती लागले. जघनास्थी, म्हणजे श्रोणीच्या (कमरेच्या हाडांच्या कड्याच्या) पुढच्या बाजूस मध्यभागी एकमेकींना भिडणारी दोन हाडे, सापडली नाहीत. हाडांलगत जाड कापडाच्या, पुरुषी बनावटीच्या जाकिटाचे अवशेष होते.

पहिल्या तपासणीचा अहवाल थोडक्यात असा होता: पुरुष, वय ४० ते ५५ वर्षे, उंची सुमारे १६४ सेंटिमीटर. पुरुष म्हणण्यास आधार म्हणून भुवयांच्या मधला ठळक उंचवटा, कानामागचा मोठा हाडाचा फुगवटा, जबड्याचे बाहेर वळलेले कोन आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या गोलकाचा ४७ मिलिमीटर व्यास नोंदवलेला होता. जाकिटाचा उल्लेख अहवालाच्या पहिल्याच परिच्छेदात होता. संबंधितांची ओळख उघड होऊ नये म्हणून स्थळ, काळ आणि नातेसंबंधांचे काही तपशील येथे गाळले आहेत.

अडचण

अनोळखी सांगाड्याच्या तपासात लिंगाचा अंदाज आधी बांधला जातो, कारण बेपत्ता व्यक्तींची यादी त्या एका उत्तराने जवळपास अर्धी होते. उत्तर चुकीचे असेल तर खरी व्यक्ती कुठल्या अर्ध्यात राहते, हे वेगळे सांगायला नको. या प्रकरणात वय आणि उंची जुळणारे तीन पुरुष तपासणीसाठी यादीतून निवडण्यात आले. त्यांपैकी दोघे दातांच्या नोंदींवरून आणि तिसरा पायाच्या जुन्या अस्थिभंगाच्या नोंदीवरून वगळला गेला. काही महिने तपास तिथेच अडकून पडला.

पहिल्या उत्तराचा परिणाम दुसऱ्या उत्तरांवरही होतो, ही बाब अहवाल वाचणाऱ्या तपास अधिकाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची काढण्याची ट्रॉटर व ग्लेझर यांची १९५२ सालची सूत्रे स्त्री व पुरुषांसाठी वेगवेगळी आहेत. या सांगाड्यातील मांडीचे हाड ४३ सेंटिमीटर लांब होते. गोऱ्या अमेरिकी पुरुषांचे सूत्र (लांबी गुणिले २.३८, अधिक ६१.४१) वापरले की उंची १६३.८ सेंटिमीटर येते, त्याच गटातील स्त्रियांच्या सूत्राने (लांबी गुणिले २.४७, अधिक ५४.१०) ती १६०.३ येते. हाड तेच, मोजमाप तेच, आणि फरक जवळजवळ साडेतीन सेंटिमीटरचा. वयाच्या काही पद्धतींतही स्त्री व पुरुषांची कोष्टके वेगळी असतात. म्हणजे लिंगाचा अंदाज चुकला तर अहवालातील तिन्ही रकाने एकाच दिशेने बिघडतात आणि एकमेकांशी सुसंगत दिसत असल्याने कोणालाही शंका येत नाही.

हाडांतला फरक किती भरवशाचा

प्रौढ पुरुषांची हाडे सरासरीने मोठी, जड आणि स्नायू जिथे चिकटतात तिथे अधिक खडबडीत असतात. मुलींची वाढ साधारण दोन वर्षे आधी थांबते, मुलांना वाढीचा काळ जास्त मिळतो आणि टेस्टोस्टेरॉनमुळे हाडाचा घेरही वाढतो, हे त्यामागचे मुख्य कारण. परंतु हे फरक सरासरीचे आहेत. मोठ्या चणीची स्त्री आणि लहान चणीचा पुरुष यांची हाडे शेजारी ठेवली तर आकारावरून उलटेच उत्तर मिळू शकते.

कवटीतील बहुतेक लिंगदर्शक खुणा याच प्रकारच्या आहेत. डोक्यामागचा स्नायूंचा कंगोरा, कानामागचा फुगवटा, डोळ्याच्या खोबणीची वरची कड, भुवयांमधला उंचवटा आणि हनुवटी या पाच खुणांना प्रत्येकी १ ते ५ असे गुण देण्याची पद्धत आज रूढ आहे, आणि तिच्या वापरावरचा फिलिप वॉकर यांचा २००८ सालचा लेख मोठ्या प्रमाणावर आधारभूत मानला जातो. १ म्हणजे अगदी नाजूक, ५ म्हणजे अगदी ठळक. बहुसंख्य माणसे मधेच कुठेतरी असतात. त्यातही वयाची भर पडते. तरुण पुरुषाची कवटी पुष्कळदा गुळगुळीत असते, तर उतारवयातील स्त्रीच्या कवटीवर भुवयांचा भाग व स्नायूंच्या खुणा अधिक ठळक झालेल्या आढळतात. तरुण पुरुषाला स्त्री ठरवणे आणि वृद्ध स्त्रीला पुरुष ठरवणे, या कवटीवरून होणाऱ्या दोन ठरावीक चुका आहेत.

श्रोणीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे फरक आकारमानाचा कमी आणि घडणीचा जास्त आहे. वयात येताना मुलींच्या श्रोणीची वाढ वेगळ्या दिशेने होते: जघनास्थी लांब होते, तिच्याखालचा कोन रुंदावतो, खुब्याच्या हाडाच्या मागच्या कडेवरची खाच (नितंबखाच) उघडी होते आणि त्रिकास्थी रुंद पण आखूड राहते. प्रसूतिमार्गाला जागा मिळते ती यातून. टी. डब्ल्यू. फेनिस यांनी १९६९ मध्ये जघनास्थीवरील केवळ तीन खुणा पाहून सुमारे ९६ टक्के अचूकता मिळते असे मांडले. त्याआधी १९६२ मध्ये विल्टन क्रॉगमन यांनी श्रोणीला ९५ आणि कवटीला ९२ टक्के दिले होते, आणि लांब हाडांना फक्त ८०. हा क्रम बराच काळ पाठ केल्यासारखा सांगितला गेला. २०११ मध्ये स्प्रॅडली आणि जँट्झ यांनी दाखवले की नीट मोजलेली धडाची व हातापायांची हाडे कवटीपेक्षा चांगले उत्तर देतात. तरीही कवटी पाहिली की ठाम बोलण्याची सवय मोडलेली नाही. ती चेहऱ्याच्या जवळची असते आणि तिच्याकडे पाहताना आपण माणूस ओळखतो आहोत असे वाटते, हेच त्याचे कारण असावे असे माझे मत आहे.

श्रोणीही पूर्णपणे स्थिर नसते. झुरिच येथील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार स्त्रीची श्रोणी साधारण २५ ते ३० वर्षांपर्यंत प्रसूतीला अनुकूल अशी रुंदावत जाते, आणि चाळिशीनंतर पुन्हा काहीशी अरुंद होऊन पुरुषी घडणीकडे सरकते. या प्रकरणात तो अभ्यास आठवणे भाग होते.

समोरचे पर्याय

दुसऱ्या तपासणीसाठी हाडे एका न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञाकडे पाठवण्यात आली तेव्हा चार वाटा दिसत होत्या. पहिली, आधीचा निष्कर्ष कायम ठेवून केवळ वयाची मर्यादा वाढवायची आणि आणखी पुरुष तपासायचे. तपास यंत्रणेला ही सोयीची होती, कारण कागदपत्रांत काही बदलावे लागत नव्हते. दुसरी, श्रोणीचा निर्णायक भाग नाही म्हणून लिंग अनिश्चित असे लिहून थांबायचे. हे प्रामाणिक उत्तर ठरले असते, पण त्याने तपास एक पाऊलही पुढे गेला नसता. तिसरी, थेट डीएनएकडे जायचे. जिवंतपणीच सगळे दात गेलेले असल्याने दात हा नमुन्याचा सोयीचा स्रोत उपलब्ध नव्हता. नमुना कवटीतील आतल्या कानाभोवतीच्या घट्ट हाडातून घ्यावा लागणार होता आणि त्यासाठी ते हाड कापावे लागणार होते. चौथी, यंत्राने बाजूला लोटलेल्या मातीचा ढीग शोधून तो चाळायचा. ढीग जागेवर असेल की नाही याची खात्री नव्हती, आणि एवढ्या दिवसांनी माणसे लावून माती चाळण्यास कोणी चटकन तयार होत नव्हते.

ठरले ते असे, की चौथी वाट आधी धरावी आणि तिचे काही होवो, तिसरी तिच्या मागोमाग घ्यावी. या क्रमाला कारण होते. डीएनए चाचणी हाड कापते आणि कापलेले पुन्हा तपासता येत नाही. माती चाळण्याने काही नष्ट होत नाही. शिवाय डीएनएचे उत्तर आधी कळले असते तर हाडांची तपासणी त्या उत्तराच्या छायेत झाली असती.

केलेली कार्यवाही

दुसऱ्या तज्ज्ञाने पहिला अहवाल आणि जाकिटाची छायाचित्रे तपासणी संपेपर्यंत पाहायची नाहीत, असे सुरुवातीलाच ठरवून घेतले. हा हट्ट नव्हता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाच सांगाड्याविषयी निरीक्षकांना वेगवेगळी पूर्वमाहिती देण्यात आली होती. काहीच न सांगितलेल्या गटातील ३१ टक्के जणांनी तो पुरुषाचा ठरवला, ‘पुरुष’ असे सुचवलेल्या गटात हे प्रमाण ७२ टक्क्यांवर गेले, आणि ‘स्त्री’ असे सुचवलेल्या गटातील एकानेही तो पुरुषाचा म्हटला नाही. सोबतच्या वस्तूंवरून लिंग ठरवण्याची खोड तर शास्त्राइतकीच जुनी आहे. वेल्समधील गुहेत १८२३ मध्ये विल्यम बकलंड यांना दागिन्यांसह सापडलेला सांगाडा ‘लाल स्त्री’ म्हणून प्रसिद्ध झाला आणि तो तरुण पुरुषाचा निघाला. उलट स्वीडनमधील बिर्का येथे १८७८ मध्ये उघडलेल्या शस्त्रांनी भरलेल्या दफनातील योद्धा स्त्री असल्याचे २०१७ मध्ये डीएनएवरून कळले.

मोजमापे नव्याने घेतली गेली. मांडीच्या हाडाच्या गोलकाला संधिवाताने कडेभोवती हाडाची बारीक झालर सुटलेली होती. आधीचा ४७ मिलिमीटर व्यास या झालरीसकट मोजलेला होता. कॅलिपरची टोके झालरीच्या आत, मूळ सांधेपृष्ठावर टेकवून मोजल्यावर तो ४४ आला. टी. डी. स्ट्युअर्ट यांच्या १९७९ च्या कोष्टकात ४६.५ ते ४७.५ म्हणजे ‘बहुधा पुरुष’, तर ४३.५ ते ४६.५ म्हणजे अनिश्चित. तीन मिलिमीटरच्या झालरीने निष्कर्ष एक घर पुढे सरकवला होता. दंडाच्या हाडाच्या गोलकाचा व्यास ४२ मिलिमीटर होता, आणि त्याच कोष्टकाप्रमाणे ४३ च्या खालचे माप स्त्रीचे मानले जाते. अर्थात ही कोष्टके अमेरिकी अस्थिसंग्रहांवरून तयार झालेली आहेत. लहान चणीच्या समाजात पुरुषांची मापेही या सीमेखाली येतात, त्यामुळे एकट्या या आकड्यावर स्त्री असे लिहिणे हीसुद्धा घाईच ठरली असती.

उजव्या खुब्याच्या हाडावरील नितंबखाच ना रुंद ना अरुंद होती. तिला १ ते ५ पैकी मधले ३ गुण देण्यात आले. तिच्याजवळ, त्रिकास्थीशी जुळणाऱ्या सांध्याच्या कडेला, चांगली खोल चर होती. अशी चर स्त्रियांत अधिक आढळते. तिच्यावरून बाळंतपणांची संख्या सांगण्याचा जुना प्रघात मात्र निराधार ठरलेला आहे, आणि तज्ज्ञाने तसे काही लिहिले नाही, हे योग्यच झाले. त्याच सांध्याच्या खडबडीत, सच्छिद्र झालेल्या पृष्ठभागावरून वय साठीच्या पुढे असावे असे दिसत होते. पहिल्या अहवालातील ४० ते ५५ हा अंदाज कवटीच्या शिवणींवरून, म्हणजे तिची हाडे जिथे एकमेकांना जुळतात त्या रेषांवरून, काढलेला होता, आणि वयासाठी शिवणींइतका कमी भरवशाचा पुरावा क्वचितच असेल.

मातीचा ढीग सुदैवाने जागेच्या एका कोपऱ्यात तसाच पडून होता. तो बारीक जाळीच्या चाळणीतून गाळल्यावर बरगड्यांचे तुकडे, बोटांची हाडे आणि डाव्या जघनास्थीचा अंगठ्याएवढा तुकडा मिळाला. तुकडा धुऊन वाळवल्यानंतर विजेरीचा प्रकाश वरून न टाकता बाजूने तिरपा टाकण्यात आला. तेव्हा पुढच्या पृष्ठभागावर वरून खाली बाहेरच्या दिशेने तिरपी उतरणारी हाडाची एक बारीक कड उठून दिसली आणि तिच्या आतल्या बाजूस खालच्या कोपऱ्यात छोटी त्रिकोणी सपाट जागा होती. फेनिस यांच्या तीन खुणांपैकी सर्वांत बोलकी खूण ती हीच, आणि ती स्त्रियांच्या जघनास्थीवर असते. दुसरी खूण, म्हणजे खालच्या फांदीची आत वळलेली कमान, तपासता आली नाही, कारण फांदी सांध्याखाली लगेच तुटलेली होती. तिसरी, त्या फांदीच्या आतल्या कडेची धार, उरलेल्या थोड्या भागात अरुंद व टोकदार दिसली. हीदेखील स्त्रीची खूण.

हा तुकडा त्याच व्यक्तीचा आहे का, हा प्रश्न विचारणे आवश्यक होते. ढिगाऱ्यात कोणतेही हाड दुबार सापडले नव्हते, हाडाचा रंग व झीज बाकीच्या सांगाड्याशी जुळत होती, आणि सांधेपृष्ठाची अवस्थाही उतारवयाचीच होती. यावर ‘बहुधा स्त्री, वय साठीच्या पुढे’ असा अंतरिम निष्कर्ष लेखी नोंदवून मगच पहिला अहवाल उघडण्यात आला.

दोन अहवालांतील विसंगतीचे स्पष्टीकरण कवटीतच शोधायचे होते. हाड कापण्यापूर्वी कवटीचे सीटी स्कॅन करण्यात आले. कपाळाच्या हाडाची आतली बाजू दोन्हीकडे गाठीगाठींनी जाड झालेली होती. हा बदल रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत बराच आढळतो, पुरुषांत क्वचित. बाहेरून पुरुषी वाटणाऱ्या कपाळाच्या आत असे चित्र असल्याने अंतरिम निष्कर्षाला बळ मिळाले, तरी तज्ज्ञाने तो स्वतंत्र पुरावा न मानता पूरक निरीक्षण म्हणून नोंदवला.

त्यानंतर डीएनएचा नमुना घेतला गेला. लिंगासाठी नेहमीप्रमाणे ॲमेलोजेनिन जनुक तपासले गेले: प्रचलित चाचणीत एक्स गुणसूत्रावरील खंड १०६ आणि वाय गुणसूत्रावरील खंड ११२ बेस जोड्यांचा येतो. येथे केवळ १०६ चा खंड मिळाला. जीर्ण हाडात वायचा खंड चाचणीत न उमटण्याची शक्यता असते, आणि फार थोड्या पुरुषांत वाय गुणसूत्राचा तेवढा भाग मुळातच नसतो. म्हणून वायवरील इतर खुणाही तपासण्यात आल्या. त्याही मिळाल्या नाहीत.

निष्पत्ती

बेपत्ता व्यक्तींची यादी साठीपुढच्या स्त्रियांसाठी पुन्हा चाळल्यावर एका वृद्धेची नोंद पुढे आली. तिच्या डाव्या मनगटाजवळचे हाड पूर्वी मोडून किंचित मागे वाकलेल्या स्थितीत जुळलेले होते आणि रुग्णालयात त्याचा एक्स-रे उपलब्ध होता. सांगाड्यातील डाव्या हाताच्या हाडावर तोच बाक, त्याच जागी होता. पहिल्या अहवालात हा जुना अस्थिभंग नोंदवलेला होता, पण तो पुरुषांच्या नोंदींशी ताडून पाहिला गेल्यामुळे निरुपयोगी ठरला होता. पुढे मुलीच्या नमुन्याशी डीएनए जुळले आणि ओळख पक्की झाली. जाकीट मुलाचे होते. थंडीत बाहेर पडताना ती तेच अंगावर घेत असे. कागदोपत्री तिची उंची १५९ सेंटिमीटर होती.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक बदल पहिल्याच दिवशी शक्य होता. खुब्याच्या हाडाचा पुढचा भाग, म्हणजे जघनास्थी, नाही हे लक्षात येताच मातीचा ढीग चाळायला हवा होता. न सापडलेल्या हाडांची यादी सापडलेल्या हाडांच्या यादीइतकीच महत्त्वाची असते; ती केलेली असती तर कोणते हाड शोधायचे हे आपोआप समोर आले असते. ढीग उचलून नेला गेला असता तर हे प्रकरण केवळ डीएनएवर अवलंबून राहिले असते.

डीएनए आधीच का केले नाही, हा प्रश्न साहजिक आहे. प्रयोगशाळा जुळवून पाहण्यासाठी कोणीतरी नातेवाईक मागते, आणि संभाव्य व्यक्ती नसल्यास नमुना रांगेत मागे पडतो, असा अनुभव सर्वत्र आहे. परंतु लिंगाच्या चाचणीला नातेवाईक लागत नाही. श्रोणी अपुरी असेल तेव्हा तेवढी चाचणी लगेच मागवण्याची पद्धत ठेवता येईल. येथे ती हाडांच्या तपासणीनंतर झाली याचे समर्थन मी वर दिले आहे. पहिल्या टप्प्यातच ती झाली असती तर मात्र तीन कुटुंबांना विनाकारण चौकशीला सामोरे जावे लागले नसते.

तिसरा मुद्दा अहवालाच्या नमुन्याचा. त्यात पुरुष आणि स्त्री असे दोनच चौकोन होते. स्त्री, बहुधा स्त्री, अनिश्चित, बहुधा पुरुष, पुरुष अशा पाच पायऱ्या आणि प्रत्येक पायरीमागचे हाड कोणते, हे लिहिण्याची सक्ती असती, तर पहिल्या तज्ज्ञालाही कवटी आणि एका मोजमापावर ‘पुरुष’ लिहिणे अवघड गेले असते. दोष एका व्यक्तीचा नाही. केनेथ वाइस यांनी १९७२ मध्येच दाखवले होते की जुन्या अस्थिसंग्रहांत पुरुषांची संख्या सुमारे १२ टक्क्यांनी फुगलेली आढळते, कारण शंका असलेले ठळक, खडबडीत हाड परीक्षकाच्या हातून पुरुषाच्या खात्यात पडते. ज्या चुकीला दिशा आहे, तिला नमुन्यातच अडसर घालता येतो.

यानंतर संबंधित यंत्रणेने पाच पायऱ्यांचा नमुना स्वीकारला आणि ‘बहुधा’ असे उत्तर आल्यास बेपत्ता व्यक्तींची यादी दोन्ही लिंगांसाठी चाळण्याचे ठरवले. सोबतच्या वस्तूंचे वर्णन आता वेगळ्या पाकिटात दिले जाते आणि हाडांची मापे व गुण नोंदवून झाल्यावरच ते उघडले जाते. संधिवाताची झालर असलेल्या सांध्यांची मापे कुठून घेतली, याचे छायाचित्र जोडणेही सक्तीचे केले आहे.

जुन्या नोंदीतील ‘पुरुष’ हा शब्द खोडून टाकायचा की ठेवायचा यावर शेवटी थोडा वाद झाला. तो ठेवण्यात आला, आणि त्याखाली दुरुस्तीची तारीख, कारण आणि जघनास्थीच्या तुकड्याचे छायाचित्र जोडण्यात आले.